कादंबरी साक्षीला बोलावू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक चित्रपट किंवा कादंबरी आली की आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात दोन तऱ्हेची पत्रे हमखास येतात. एक पत्रलेखक म्हणतो, ‘असे घडलेच नव्हते, हे बंद करा.’ दुसरा उत्तर देतो, ‘कलावंताला स्वातंत्र्य असते, तुम्हाला कलेतले कळत नाही.’ आठ-पंधरा दिवस हे चालते आणि मग पुढच्या चित्रपटापर्यंत सामसूम. या भांडणात एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: त्या कलाकृतीत साधनांतून काय आले, लेखकाने पदरचे काय घातले आणि घातले ते कशासाठी? कल्पित म्हणजे खोटे, असे पहिला गृहीत धरतो. कल्पितात काहीही खपते, असे दुसरा. कादंबरी नावाची वस्तू बनते कशी, याच्याशी दोघांनाही फारसे घेणे नसते. त्या बनण्याविषयी थोडे तपशिलात लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे.

शाळेपासून सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग घेऊ. माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. तानाजी मालुसरे कोंढाणा घेतात आणि लढाईत पडतात. एवढे पक्के. कृष्णाजी अनंत सभासदाने हा प्रसंग लिहिला तो राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला, घटनेनंतर सुमारे पाव शतकाने. तो काय सांगतो? निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ लावली आणि बाकीचे लोक तिच्यावरून चढले. तानाजी आणि उदेभान दोघेही पडले, तेव्हा सूर्याजीने लोक सावरले. गड हाती आल्यावर पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड राजगडावरून पाहून महाराजांनी गड घेतल्याचे ओळखले. तानाजी पडल्याची बातमी मागाहून आली. सभासदाकडे घोरपड नाही, रायबाचे लग्न नाही, शेलारमामा नाही. ही सगळी मंडळी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आपल्या घरात आली.

आता त्या प्रसिद्ध उद्गाराकडे पाहू. सभासदाच्या बखरीत महाराज म्हणतात, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ आपल्या तोंडी बसलेला ‘सिंह’ घरोघर पोचला तो हरि नारायण आपट्यांच्या १९०३ च्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीच्या नावामुळे. सिंह गेला म्हणून किल्ल्याचे नाव सिंहगड पडले, ही समजूतही त्याच ओळीला चिकटून पक्की झाली. पण महाराजांच्या १६६३ मधल्या एका पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेले आहे. म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी.

यावरून हरिभाऊंनी इतिहास बिघडवला, असा निष्कर्ष काढणारे आहेत. माझ्या मते बिघाड हरिभाऊंनी केला नाही. त्यांनी कादंबरीला नाव दिले. त्या नावाला महाराजांचे अवतरण मानून फलकांवर आणि वक्तृत्वाच्या वह्यांत चढवले ते नंतरच्यांनी. साहित्य म्हणून विचाराल तर सभासदाची ओळ मला अधिक ताकदीची वाटते. ‘गड’ हाच शब्द दोनदा येतो आणि दुसऱ्या वेळी त्याचा अर्थ माणूस होतो. ‘सिंह’ आल्यावर ओळ गाजली खरी, पण ती कोटी हरवली. शिवाय सभासदही काही त्या क्षणी महाराजांशेजारी लेखणी घेऊन बसला नव्हता. बखर हीसुद्धा रचनाच आहे. तिच्यातले संवाद बखरकाराने बेतलेले आहेत. एका टोकाला निखळ सत्य आणि दुसऱ्या टोकाला निखळ कल्पना, अशी सोय इथे नाही.

घोरपडीचेही तेच. शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीने, रात्रीच्या वेळी, समोर बसलेल्या शे-दोनशे माणसांपुढे उभा असतो. कडा किती उभा आहे हे त्याला ऐकणाऱ्यांच्या पोटात उतरवायचे असते. ‘वानरासारखे चढले’ ही उपमा कानावरून निघून जाते. घोरपड चढते, माघारी फिरते, अपशकुन म्हणून माणसे चरकतात, तानाजी तिला दरडावतो, ती पुन्हा चढते. या येरझाऱ्यांत कड्याची उंची मोजली जाते. पाच-सात किलोच्या प्राण्याच्या पकडीवर सशस्त्र माणसाचे ओझे तोलेल का, हा प्रश्न किल्ल्याच्या अभ्यासकाने जरूर विचारावा. पोवाड्याला तो विचारणे म्हणजे पाळण्यातल्या चांदोबाला ओहोटी-भरतीचा हिशेब मागणे.

आपल्या परंपरेत या गुंत्यासाठी शब्द तयार होते, ते आपण विसरलो. दहाव्या शतकातला धनंजय ‘दशरूपका’त कथावस्तूचे तीन प्रकार करतो: प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र. इतिहास-पुराणांतून घेतलेली ती प्रख्यात, कवीने स्वतः रचलेली ती उत्पाद्य आणि दोन्हींची सरमिसळ ती मिश्र. तो पुढे असेही सांगतो, की मूळ कथेत नायकाला न शोभणारे किंवा रसाला बाधा आणणारे काही असेल तर ते गाळावे अथवा वेगळ्या तऱ्हेने रचावे. म्हणजे बदल करण्याची मुभा आहे आणि तिच्यामागे कारणही असावे लागते. ‘कलावंताचे स्वातंत्र्य’ या आजच्या ढोबळ घोषणेपेक्षा हा नियम अधिक काटेकोर आहे.

कालिदासाने नेमके हेच केले. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नसतोच. सगळे आठवत असूनही लोकापवादाच्या भीतीने तो भर दरबारात तिला नाकारतो आणि शेवटी आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली. दोन्ही मूळ कथेत नाहीत. शापामुळे राजा दोषातून सुटला आणि शृंगाराचे करुणाकडे जाणे शक्य झाले. याची किंमतही मोजावी लागली. महाभारतातली शकुंतला दरबारात उभी राहून राजाला पत्नीधर्म, पुत्रधर्म आणि सत्य यांवर लांबलचक, धारदार भाषण सुनावते. ती बाई नाटकात बरीच मवाळ झाली. ही देवघेव ज्याला दिसते, तो कालिदासावर इतिहासद्रोहाचा आरोप ठेवत नाही आणि मत्स्यावताराच्या थाटात माशाच्या पोटातली अंगठी पुरावा म्हणूनही मिरवत नाही.

‘कादंबरी’ हा शब्दसुद्धा कल्पिताच्याच पोटचा. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या गद्यकाव्याची ती नायिका. ते काव्य त्याच्या हातून अपुरे राहिले आणि मुलाने पुरे केले. हिंदी-बंगालीने ‘उपन्यास’ म्हटले, गुजरातीने ‘नवलकथा’. मराठी आणि कन्नड यांनी मात्र एका कल्पित मुलीचे नाव अख्ख्या प्रकाराला देऊन टाकले. इतके उघड नाव देऊनही आपण फसतो, याची गंमत वाटते.

आता मिश्र कथावस्तूत मिसळण कशी होते ते पाहू. ऐतिहासिक कादंबरीकार साधारणपणे चार ठिकाणी हात घालतो. पहिले, संवाद. कागदात संवाद जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते रचावेच लागतात. दुसरे, जोडपात्र. तीन कारकून किंवा चार हेर यांचे मिळून एक पात्र केले जाते, नाहीतर वाचकाला नावेच लक्षात राहत नाहीत. तिसरे, काळाची आटणी. आठ महिन्यांचा वेढा अडीच प्रकरणांत बसवायचा, तर मधल्या दोन वाटाघाटींची एक होते. ही तिन्ही कामे सुताराच्या रंध्यासारखी आहेत. चार ठिकाणी तासले जाते, पण लाकूड तेच राहते.

चौथे मात्र वेगळे आहे: हेतू. अमक्याने तमके का केले? कागद हेतू क्वचित सांगतो आणि सांगतो तेव्हा लिहिणाऱ्याच्या सोयीचा सांगतो. वाचक संवाद विसरतो, तारखा तर विसरतोच. पात्राचा हेतू मात्र त्याच्या डोक्यात कायमचा राहतो. सर्वांत जास्त नुकसान होते ते इथे, आणि वाद मात्र पोशाख आणि नाच यांवर रंगतात.

‘ध चा मा’ आठवून पाहा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले. पत्रातला ‘धरावे’ हा शब्द खोडून ‘मारावे’ केला, ही हकीकत जुन्या इतिहासलेखनातही आहे. पण तो बदल आनंदीबाईंच्या हातचा, हे ज्यावर बोट ठेवून दाखवावे असे पत्र आज कुणाच्या हाती नाही. तरी नाटक, कादंबरी आणि सिनेमा यांनी त्या लेखणीला बाईचा हात दिला, हाताला मत्सर दिला, मत्सराला बारीक डोळे दिले. आज ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आहे आणि आनंदीबाई ही शिवी आहे. पुराव्याची साखळी जिथे तुटते तिथे कल्पिताने कडी घातली आणि ती कडी बाकी साखळीपेक्षा चकचकीत निघाली. लेखकाला हेतू कल्पिण्याचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. पण वाचकाला ही कडी आपण घातली आहे, एवढे सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

कल्पिताशिवाय भागवावे, असे मात्र कुणी म्हणू नये. ‘पेशवे दफ्तरा’तले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. न छापलेले रुमालांत बांधलेले आहेत ते वेगळेच. त्यांत जमाखर्च आहे, हुकूम आहेत, तक्रारी आहेत, फौजेच्या हालचाली आहेत. भीती मात्र कुठेच नाही, आणि दुपारचा कंटाळाही नाही. मशालजी येतो तो रोजमुऱ्याच्या आकड्यापुरता आणि बायका येतात त्या नेमणुकीच्या यादीपुरत्या. त्या माणसांना आतून पाहायचे तर कल्पनेखेरीज दुसरे साधन नाही.

याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांचे एक पत्र चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले आहे. विषय साधा: दाणागवत. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच बेहिशेब उडवली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊन कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी आणू लागतील आणि रयतेला मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, असे ते बजावतात. मग आगीविषयी सांगतात. कुणी जागोजागी आगट्या करतील, कुणी रांधतील, कुणी तंबाखूसाठी विस्तव घेतील, गवत पडले आहे, वारा सुटला आहे हे ध्यानात न घेता. एका खणाला आग लागली की सगळे खण जळून जातील. आणि शेवटी, रात्री दिवा ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल.

हा उंदीर कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता. गवताच्या गंजीशेजारी दिव्यातली तेलकट वात तोंडात धरून पळणारा उंदीर ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्या राज्यकर्त्याविषयी हा एक तपशील दहा संवादांपेक्षा जास्त सांगतो. पण पत्र आज्ञेचे आहे. ते छावणीत वाचून दाखवले तेव्हा कुणी मान खाली घातली, कुणी पाठ वळताच चिलीम पेटवली, जवळच्या वाडीतल्या कुणब्याने घोड्यांच्या टापा ऐकून भाजीच्या वाफ्यावर काटेरी झाप ओढली का, हे पत्र सांगत नाही. कादंबरीकाराने तो चिलीमवाला शिपाई खुशाल रचावा. त्याला नाव द्यावे, गाव द्यावे, गुडघेदुखी द्यावी. पत्रातला ‘तंबाखू’ त्याला पुरेसा आधार आहे. ही कल्पना खुंट्याला बांधलेली आहे. उलट रंगत वाढवण्यासाठी तोच शिपाई शत्रूचा फितूर ठरवला आणि आग मुद्दाम लावल्याचे दाखवले, तर प्रसंग थरारक होईल, पण पत्राचा जीवच जाईल. कारण महाराजांना धास्ती शत्रूची नव्हती. आपल्याच माणसांच्या गाफीलपणाची होती. तपशील खरे ठेवूनही कादंबरी खोटी कशी होते, ते असे.

आता कारागिरीतल्या चुका. वर्षानुवर्षे त्याच होत आल्या आहेत, म्हणून थोडक्यात नोंदवतो.

तारखांत सर्वांत नेहमीची चूक शकाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे अर्धेच खरे आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. माघ वद्य नवमी शके १५९१ मध्ये ७८ मिळवणारा लेखक सिंहगड एक वर्ष आधीच घेऊन मोकळा होतो. मराठी कागदांतला सुहूर सन मृगापासून सुरू होतो आणि आकडे अरबी शब्दांत लिहितात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. म्हणून ११६१ हे १७६०-६१, पानिपताचे वर्ष. तिसरी खोच इंग्रजी कागदांची. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी दिनगणना पाळत होते, पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकातच नवीवर गेले होते. सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचा फरक पडतो. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा जुन्या गणनेतला आहे. त्यात इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे फेब्रुवारीतल्या पत्रावर मागच्या वर्षाचा आकडा असू शकतो. गोव्याचे आणि मुंबईचे कागद शेजारी ठेवून प्रसंग रचणाऱ्याने हे तपासले नाही, तर जासूद निघण्याआधीच पोचतो.

वेळेचे शब्दही असेच. ‘पाच मिनिटांत निघा’ असे सतराव्या शतकातला सरदार म्हणणार नाही, हे आता बहुतेकांना कळते. पण ‘एक घटका’ म्हणजे क्षणभर, अशा थाटात शब्द वापरला जातो. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे, प्रहर तीन तासांचा. ‘घटकाभरात तलवार उपसली’ या वाक्यात योद्धा जवळजवळ अर्धा तास म्यानाशी झटापट करत बसतो.

भाषेचा प्रश्न अधिक खोल आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीने स्वतःची एक बोली तयार केली आहे: ‘आज्ञा महाराज’, ‘आम्हांस हे मंजूर नाही’, मध्येच संस्कृत समास, मध्येच मुजरा. रंगभूमीवर ती शोभते. अस्सल पत्रांची भाषा वेगळी, फारसी शब्दांनी खच्चून भरलेली. राज्यव्यवहारातले फारसी शब्द काढून संस्कृत घालण्यासाठी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, यावरूनच तेव्हा बोलण्या-लिहिण्यात काय होते ते समजावे. आजच्या वाचकाला ती अस्सल भाषा पानोपान झेपणार नाही. म्हणून बोली रचली, यात गैर काही नाही. फक्त तिच्यातले वाक्य अवतरणचिन्हांत घालून खाली महाराजांचे नाव छापू नये.

इथे वृत्तपत्रांनाही दोन शब्द सुनवावेसे वाटतात. जयंती-पुण्यतिथीच्या पुरवणीत चौकटीत टाकलेली ‘वचने’ बहुधा कादंबरीतली किंवा नाटकातली असतात. ओळखायची रीत अवघड नाही. अस्सल पत्राला कुणाला लिहिले तो माणूस असतो, तिथी असते, सुरुवातीला ‘मशहुरल अनाम राजश्री’सारखा मायना असतो, शेवटी ‘जाणिजे’, ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ असे काही असते. यांपैकी काहीच नसलेले, कुणालाही न सांगितलेले, सुटसुटीत आणि प्रेरणादायी वाक्य दिसले की ते छापण्याआधी संदर्भ मागावा. सतराव्या शतकातली माणसे पोस्टरसाठी बोलत नसत. ग्रंथालयांनीही एक करावे. ड्यूई पद्धतीत मराठी कथात्म साहित्याला ८९१.४६३ हा क्रमांक आहे आणि भारताच्या इतिहासाला ९५४. जाडजूड आहे आणि मुखपृष्ठावर तलवार आहे, एवढ्यावर पुस्तक दुसऱ्या कपाटात जाऊ नये. शाळेचा प्रकल्प करणारी मुले त्या कपाटाशीच येतात.

कल्पित नेहमी चुकीच्याच बाजूला असते, असेही नाही. प्रतापराव गुजर नेसरीजवळ अवघ्या सहा स्वारांनिशी तुटून पडले, हा आकडा कवितेने रचला असे अनेकांना वाटते. पण मुंबईच्या इंग्रजांसाठी काम करणाऱ्या नारायण शेणव्याच्या १६७४ च्या पत्रात प्रतापराव आणि आणखी सहा स्वार मारले गेल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ‘सात’ कागदाचे आहेत. समकालीन साधनांत नाहीत ती त्या सहांची नावे. कुसुमाग्रजांनी कवितेत त्यांना निनावीच ठेवले. नावांच्या पाट्या नंतर लागल्या आणि आता जोरात वाद चालतात ते त्या पाट्यांचेच. कवी इथे साधनाला जास्त इमानी राहिला.

आणि उलट्या बाजूने होणारा अन्याय १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’च्या वेळी दिसला. हे ऐतिहासिक नाटक नाही, असे विजय तेंडुलकरांनी स्वतः सांगितले होते. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे जन्माला घालते, हा नाटकाचा विषय. लोकांनी १७९१ साली दगडांनी ठेचून मारलेला पुण्याचा कोतवाल त्याला निमित्त. तरी नाना फडणवीसांची बदनामी म्हणून ते जणू कोर्टापुढे उभे करण्यात आले. लेखक ‘हे कल्पित आहे’ म्हणतो तेव्हा ऐकायचे नाही आणि लेखक गप्प बसतो तेव्हा सगळे खरे मानायचे, ही आपली पद्धत.

चित्रपटांच्या सुरुवातीचा तो मजकूर तर विनोदच आहे. पात्रांची नावे खरी, किल्ल्यांची खरी, लढायांची खरी आणि वर पाटी: ‘जिवंत वा मृत व्यक्तींशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग.’ तीन-चार सेकंदांत, पॉपकॉर्न सांभाळत बसलेल्या प्रेक्षकासमोरून सरकणारी ही ओळ वकिलासाठी असते. प्रेक्षकाला तिच्यातून काय घातले, काय बदलले याची अक्षरही माहिती मिळत नाही. कादंबऱ्यांच्या शेवटी असणारी साठ-सत्तर संदर्भग्रंथांची यादी त्याहून फसवी. तिने भारदस्तपणा येतो, पण कोणत्या प्रसंगाला कोणता आधार हे कळत नाही. उलट सगळ्याच प्रसंगांना आधार आहे, असा समज होतो.

मागणे फार मोठे नाही. मुखपृष्ठावर किंवा शीर्षकपानावर ‘मिश्र कथावस्तू’ असे दोन शब्द आणि शेवटी दीड-दोन पानांचे लेखकाचे टिपण. ते शेवटीच असावे. आधी दिले तर जादूगाराने बाही दाखवून खेळ सुरू केल्यासारखे होते. टिपणात चार गोष्टी याव्यात: काय कोठून घेतले, कोणती पात्रे रचली किंवा जोडली, काळ कुठे आटवला आणि कुणाचा हेतू स्वतः कल्पिला. चौथी गोष्ट टाळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, म्हणून संपादकाने आधी तीच मागावी. यात लेखकाचे काही जात नाही. लिहिताना हे त्याला माहीत असतेच, फक्त हस्तलिखित प्रकाशकाकडे गेल्यावर वहीतल्या नोंदी हरवतात.

सिंहगडावर कुणी नवी कादंबरी लिहिली, तर तिचे टिपण असे असू शकेल:

‘गड घेतल्याची तिथी जेधे शकावलीतली (जेधे घराण्याच्या तिथीवार नोंदी). माळ, सूर्याजीने लोक सावरणे आणि पागेच्या खणांची आग सभासद बखरीतून. रायबाचे लग्न, शेलारमामा आणि घोरपड तुळशीदासाच्या पोवाड्यातून घेतली असून ती जाणूनबुजून ठेवली आहेत. ‘सिंहगड’ हे नाव १६६३ मध्येच आढळत असल्याने या कादंबरीत ते तानाजीच्या मृत्यूशी जोडलेले नाही. महाराजांचा शेवटचा उद्गार सभासदाच्या शब्दांत आहे. सभासदाने तो ऐकला होता की रचला, हे ठरवलेले नाही. मोतद्दार पिराजी आणि त्याची बहीण ही पात्रे रचलेली. तयारीचे दिवस कथेच्या सोयीसाठी तीन रात्रींत आटवले आहेत. सातव्या प्रकरणात उदेभानाला पडलेला प्रश्न पूर्णपणे लेखकाचा आहे, त्याला कोणत्याही कागदाचा आधार नाही.’

आपला,
ऐतिहासिक पुस्तकांची मुद्रिते व संदर्भ तपासणारा एक वाचक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये.)